घरच्या भाताचा आकडा: स्वयंपाकघरातल्या काट्याच्या नोंदी

1 जून 2025, रविवार

लेकीला टाइप 1 मधुमेह आहे. वय नऊ. आतापर्यंत ठरलेली वेळ, ठरलेलं जेवण आणि ठरलेला इन्सुलिनचा डोस असं चाललं होतं. कालच्या भेटीत डॉक्टरांनी पुढची पायरी सांगितली: ताटात जेवढी कर्बोदकं असतील, तेवढ्यापुरतं इन्सुलिन. म्हणजे ती कधी दोन पोळ्या खाईल, कधी एक, कधी नुसता वरणभात. जेवण तिच्या भुकेने ठरेल आणि डोस जेवणाच्या मागून येईल. त्यासाठी ताटातले कार्ब ग्रॅममध्ये कळायला हवेत.

माझं काम सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीचं. कुठलंही माप घ्यायच्या आधी आम्ही विचारतो, किती फरक चालेल? डाएटिशियन मॅडमनाही हेच विचारलं. त्या म्हणाल्या, 60 ग्रॅम कार्बच्या जेवणात 10 ग्रॅम इकडेतिकडे झाले तर शरीर सांभाळून घेतं, 20 झाले तर साखरेत दिसतं. इन्सुलिन टोचायच्या पेनचा हिशोबही जवळपास तसाच निघतो. समजा, एका युनिटला 20 ग्रॅम कार्ब असं प्रमाण असेल, तर अर्ध्या युनिटची पायरी म्हणजे 10 ग्रॅम. (प्रमाण प्रत्येक मुलाचं वेगळं, सकाळ-संध्याकाळचंही वेगळं. ते डॉक्टरच ठरवतात, म्हणून आमचं इथे लिहीत नाही.)

10 ग्रॅम कार्ब म्हणजे साधारण 38 ग्रॅम शिजलेला भात. अर्धा डाव. डोळ्यांनी वाढताना अर्धा डाव सहज कमीजास्त होतो. म्हणून काटा.

3 जून, मंगळवार

काटा आणला. 5 किलोपर्यंतचा, लघुतम माप 1 ग्रॅम, सपाट काचेचा. 0.1 ग्रॅमवाला मुद्दाम घेतला नाही. आपल्याला हवी ती अचूकता 1 ग्रॅममध्ये आरामात बसते, आणि बारीक मापाच्या स्वस्त काट्यांची क्षमता बहुतेक 500 ग्रॅम किंवा 1 किलो असते. आमचं कुकरचं भांडंच भातासकट किलोभर भरतं.

आत काय असतं ते लेकीला समजावलं. काचेखाली धातूची छोटी पट्टी. वजन पडलं की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेली बारीक तार ताणली जाते, तारेचा विद्युतरोध बदलतो आणि यंत्र त्या बदलाचा आकडा करतं. मग तिनेच विचारलं, पट्टी गरम झाली तर? बरोबर प्रश्न आहे. गरम पातेलं थेट काचेवर ठेवलं की आकडा हळूहळू सरकत राहतो. म्हणून काट्यावर आधी लाकडी फळी, मग टेअरचं बटण दाबून शून्य, मग पातेलं.

तपासणी अशी केली. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून वैधमापन विभागाचा शिक्का असलेली 200 ग्रॅम आणि 1 किलोची वजनं तासाभरासाठी आणली. दुकानातल्या अशा वजनांची दर दोन वर्षांनी फेरतपासणी व्हावी लागते, त्यामुळे भरवसा ठेवता येतो. 200 ला 200, किलोला 1001. मग 200 चं वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं: 200, 201, 200, 199. छान आहे. ताट नेहमी मधोमध ठेवायचं, एवढंच.

वजनं परत द्यायची होती, म्हणून घरातला संदर्भही ठरवला. दहा रुपयांचं नाणं 7.7 ग्रॅमच्या आसपास भरतं. वीस नाणी एका वाटीत, वाटीचं वजन वजा करून 154. ही वीस नाणी पिशवीत बांधून काट्याच्या खोक्यात ठेवली. ती खर्च करायची नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगितलं.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ती पुस्तिकेत नव्हती. शून्यावर असलेल्या काट्यावर साखर अगदी चिमटी-चिमटीने टाकत गेलं तर आकडा शून्यच राहतो. काटा स्वतःचा सूक्ष्म सरकाव पुसून काढत असतो आणि त्या भरात आपली चिमटीही पुसतो. उपाय उलटा. साखरेचा डबा काट्यावर ठेवा, शून्य करा आणि डब्यातून चमच्याने काढा. आकडा उणे 5 दिसला की 5 ग्रॅम निघाली. दही, गूळ, मध, जॅम सगळ्यांना हीच पद्धत बरी पडते, फक्त चमच्याला चिकटलेलंही हिशोबात येतं.

5 जून, गुरुवार

आज कुठला तक्ता वापरायचा ते ठरवलं. मोबाइलवरची अॅप्स 'वन बाऊल राइस' म्हणतात. कुणाचा बाऊल, किती पाण्यातला भात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने आणून 528 पदार्थ तपासलेले. त्यात सगळं कच्च्या पदार्थाच्या दर 100 ग्रॅमला दिलेलं आहे, आणि आपल्या कामाचं नेमकं तेच आहे.

आमच्या घराला लागतात ते आकडे, दर 100 ग्रॅमला कार्ब: तांदूळ 78.2, गव्हाची कणीक 64.2, ज्वारी 67.7, बाजरी 61.8, तूरडाळ 55.2, मूगडाळ 52.6, चणाडाळ 46.7, पोहे 76.8, रवा 68.4, बटाटा 14.9, गूळ 84.9.

बाहेरच्या काही देशांच्या तक्त्यांत तंतुमय भागही कार्बमध्ये धरलेला असतो आणि मग तो वजा करायला सांगतात. आपल्या तक्त्यात तंतू आधीच बाजूला काढलेले आहेत. ज्वारीची ओळ घेऊन बेरीज करून पाहिली: पाणी 9.01, प्रथिनं 9.97, राख 1.39, स्निग्ध 1.73, तंतू 10.22, कार्ब 67.68. बरोबर 100. म्हणजे इथे तंतू पुन्हा वजा करायचे नाहीत. केले तर ज्वारीच्या भाकरीचा आकडा सातवा हिस्सा कमी येईल आणि डोस अपुरा पडेल.

8 जून, रविवार

भात. सगळ्या प्रकल्पाचा कणा हाच आहे, म्हणून सविस्तर.

प्रश्न असा आहे की तक्ता कच्च्या तांदळाचा आणि ताटात शिजलेला भात. मधे पाणी येतं. पाण्यात कार्ब नसतात, पण वजन असतं. आणि किती पाणी ते रोज सारखं नसतं. म्हणून रोज कच्चं एकदा मोजायचं आणि शिजलेलं एकदा.

आजचा हिशोब: तांदूळ 200 ग्रॅम. कार्ब 156. कुकर उघडल्यावर वाफ जाऊ दिली, दहा मिनिटांनी भांडं काट्यावर. भांड्याचं वजन वजा जाता भात 590 ग्रॅम. 156 भागिले 590 म्हणजे 0.265. हा आजच्या भाताचा आकडा. आता लेकीच्या ताटात 110 ग्रॅम भात पडला तर 110 गुणिले 0.265, म्हणजे 29 ग्रॅम कार्ब. संपलं. पुढे कितीही वेळा वाढा, कुणीही वाढा, हा आकडा त्या भांड्यापुरता खरा राहतो.

एवढ्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. घरच्या सगळ्यांचा भात एकाच भांड्यात. मला ही पद्धत आवडली ती यासाठी.

आमच्याकडे इगतपुरीकडचा इंद्रायणी येतो. नवा असला की चिकट, पाणी कमी लागतं. जुना झाला की जास्त पितो. तेवढ्याने आकडा 0.245 ते 0.28 असा हलेल. 120 ग्रॅम वाढीला तो फरक चारेक ग्रॅमचा, चालण्यासारखा. पण मऊ भाताची गोष्ट वेगळी. तेच 200 ग्रॅम तांदूळ भरपूर पाण्यात घोटले तर 1100 ग्रॅम भरतात आणि आकडा 0.142 वर येतो. तापातून उठलेल्या मुलाला आपण नेमका मऊ भात देतो. तेव्हा नेहमीच्या भाताचा आकडा धरून डोस दिला तर तो दुपटीच्या जवळ जाईल आणि साखर उतरेल. मऊ भाताच्या दिवशी मोजल्याशिवाय डोस नाही, हे फ्रीजवर लाल अक्षरात लावलं.

10 जून, मंगळवार

शिजलेलं मोजायचं तर भांड्याचं रिकामं वजन माहीत हवं, आणि ऐन वेळी भांडं भरलेलं असतं. वहीत लिहून ठेवणं सोपं, पण वही ओट्यावर कुठे सापडणार! मग आईच्या भांड्यांकडे पाहून सुचलं. प्रत्येकावर आजोबांचं नाव आणि सण-वार कोरलेला आहे. भांडी बाजारात नाव घालून देणारे कारागीर अजून बसतात. कुकरची दोन भांडी, दोन पातेली, एक कढई, पोळ्यांचा डबा आणि लेकीचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि प्रत्येकाचं वजन कानाखाली, बाहेरच्या अंगाला घालून घेतलं. ते म्हणाले, नाव कुणाचं? सांगितलं, नाव नको, आकडा. 412. 388. 655. छोटी ठिपक्यांची अक्षरं, घासली तरी जाणार नाहीत.

12 जून, गुरुवार

पोळी.

भाताच्या उलट, पोळी भाजल्यावर मोजून काहीच कळत नाही. तव्यावर पाणी उडतं, कुणाची पोळी कडक, कुणाची मऊ. पण गोळ्यातले कार्ब तव्यावर कुठे जात नाहीत. म्हणून मोजायचा तो गोळा.

500 ग्रॅम कणीक, 321 कार्ब. पाणी, मीठ, तेल घालून मळल्यावर पीठ 830 ग्रॅम. एका ग्रॅम मळलेल्या पिठाला 0.387. 45 ग्रॅमचा गोळा म्हणजे 17.4 ग्रॅम कार्ब. भाजून ती पोळी 37 भरली काय किंवा 40 भरली काय, कार्ब 17.4 च.

पोळ्या आई करते. तिला न सांगता तिचे गोळे एकेक करून मोजले: 44, 46, 45, 43, 47, 45, 44. पन्नास वर्षं रोज हात चाललेला आहे, काट्याला फारसं काही करायला उरलं नव्हतं. 43 आणि 47 मधला फरक दीड ग्रॅम कार्बचा. तेव्हा आईची पोळी म्हणजे 17, मोजणी बंद. ही, म्हणजे माझी बायको, लाटते तेव्हा गोळा मोठा असतो, 55 च्या आसपास, आणि ती पोळी 21. दोघींच्या पोळ्यांचे डबे वेगळे ठेवायचे एवढंच ठरलं.

काटा ओट्यावर पाहून आईला मात्र बरं वाटलं नाही. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, लेकराच्या पानात कुणी तोलून वाढतं का? आपल्या घरात पाहुण्यालासुद्धा कधी मोजून घातलं नाही." तिचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. अन्न मोजून वाढणं आपल्याकडे हात आखडणं समजतात.

तिला जे सांगितलं ते इथेही लिहितो. इन्सुलिन नव्हतं तेव्हा या आजाराच्या मुलांचं अन्न खरोखरच तोलून कमी केलं जाई. अमेरिकेत फ्रेडरिक अॅलनसारखे डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, कारण तेवढ्यानेच ती थोडे महिने जास्त जगत. 1922 च्या जानेवारीत टोरोंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं आणि तिथून ते चित्र पालटलं. आज आपण मोजतो ते कमी वाढायला नाही. तू तुझ्या हाताने हवं तेवढं वाढ. ताट काट्यावर असेल. वाढून झालं की मी आकडा वाचेन आणि तेवढं इन्सुलिन देईन.

म्हणून आमच्या घराचा नियम: आधी वाढायचं, मग वाचायचं. आकड्यासाठी भात काढून घ्यायचा नाही.

आई काही बोलली नाही. पण रात्री तिनेच ताट काट्यावर ठेवलं आणि मला हाक मारली.

15 जून, रविवार

उद्या शाळा. डबा.

डब्यात काटा जाऊ शकत नाही, म्हणून सगळं घरी मोजून झाकणाच्या आत चिठ्ठी. उद्याची: पोळी 2, कार्ब 35. बटाट्याची भाजी, तिच्या वाट्याला 60 ग्रॅम कच्चा बटाटा, 9. केळं सोलून 80 ग्रॅम, 19. एकूण 63. केळं सालीसकट मोजलं तर फसगत होते, साल साधारण तिसरा हिस्सा असते. केळं लहान दिसलं म्हणून मोजणं सोडायचं नाही, सोलून काट्यावर ठेवायचं आणि मग डब्यात.

दुसरं काम पुड्यांचं. साखर 70 च्या खाली गेली तर लगेच द्यायला ग्लुकोज पावडर. तिच्या वजनाला डॉक्टरांनी 10 ग्रॅम सांगितलं आहे. दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या डब्यातून काढायच्या उलट्या पद्धतीने मोजून छोट्या पिशव्यांत भरल्या. दप्तरात, बाईंच्या टेबलात, रिक्षावाल्या काकांकडे आणि हिच्या पर्समध्ये. साखर उतरलेली असताना चमचे मोजत बसायची वेळ कुणावरही येऊ नये. बाईंना दाखवून आलो, त्यांनी एक पुडी फोडून पाण्यात कशी द्यायची ते स्वतः करून पाहिलं.

22 जून, रविवार

ताटात उरणं हा खरा त्रास. डोस जेवणाआधी, आणि मूल म्हणजे मूल, अर्ध्यात उठतं. उरलेलं ताट काट्यावर ठेवून वजा करता येतं, पण वरणभात कालवलेला असेल तर त्या 70 ग्रॅममध्ये भात किती आणि वरण किती कसं सांगणार?

आज वरणाचा आकडा काढला. 150 ग्रॅम तूरडाळ, 83 कार्ब, घोटून पाणी घालून 880 ग्रॅम, आकडा 0.094. भाताच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ. म्हणजे कालवलेल्या उरल्यासुरल्याचा अंदाज ताटातल्या मूळ प्रमाणानेच धरावा लागतो: 110 भात आणि 120 वरण मिळून 230 ग्रॅमला 40 कार्ब, ग्रॅमला 0.17. तो आकडा ताटापुरता वापरायचा.

त्याहून सोपं डॉक्टरांनी सुचवलं. पहिली वाढ लहान, ती नक्की संपेल एवढी. दुसरी वाढ पुन्हा मोजून, तिचा हिशोब वेगळा. आपल्याकडे दोनदा-तीनदा वाढायची पद्धत आहेच. ती इथे उपयोगी पडली.

दुधाबद्दल एका ओळीत: काट्यावर मिलीचं बटण आहे, ते वापरायचं नाही. 200 मिली दूध 206 ग्रॅम भरतं, कार्ब 10. ग्रॅममध्येच राहावं.

6 जुलै, रविवार, आषाढी एकादशी

तिला उपवास करायचा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. पण उपवासाचं खायचं तर आहे! घरात साबुदाण्याची खिचडी आणि तिला पोळी, असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

साबुदाणा कोरडा 250 ग्रॅम. हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभराला 87. म्हणजे 217. बटाटा 150 ग्रॅम, 22. दाण्याचं कूट 100 ग्रॅम, 17. एकूण 256. कढईतली तयार खिचडी 720 ग्रॅम. आकडा 0.356.

दुसऱ्या भांड्यात भगर. 150 ग्रॅम, शंभराला 65 च्या आसपास धरून 98 कार्ब. शिजून 620 ग्रॅम. आकडा 0.158.

दोन्हींची एकेक वाटी शेजारी ठेवली तर दिसायला सारखीच. 100 ग्रॅम खिचडीत 36 कार्ब, 100 ग्रॅम भगरीत 16. दुपटीहून जास्त. साबुदाणा भिजून जेवढं पाणी घेतो त्यावर थांबतो, भगर शिजताना पीतच राहते. शिवाय खिचडी पटकन चढते आणि दाण्याच्या तेला-कुटामुळे उतरायला वेळ लावते, त्यामुळे आज दोन तासांनी आणि चार तासांनीही साखर पाहिली. दोन्ही वेळा हद्दीत.

तिने खिचडी 90 ग्रॅम खाल्ली, भगर-आमटी नंतर. आजी म्हणाली, पांडुरंगाला सगळं चालतं.

19 जुलै, शनिवार

काटा घरात ठीक. बाहेरचं काय? उद्या मावशीकडे जेवण आहे. तिथे काचेचा काटा पिशवीतून काढून ताटाखाली सरकवणं लेकीला आवडत नाही. तिने तसं सांगितलं आणि तिचं बरोबर आहे. दहा माणसांत आपलंच ताट वेगळं दिसावं असं कुठल्या मुलाला वाटेल?

म्हणून गेले काही आठवडे एक सवय लावली आहे. ताट काट्यावर, आकड्यावर माझा हात झाकलेला. आधी तिने सांगायचं, किती भात? मग हात काढायचा. सुरुवातीला तिचा अंदाज 30-40 ग्रॅमने चुके. आता भाताला दहाच्या आत असतो. ही आणि मी अजून वीसच्या पुढे आहोत. मुलांचा डोळा लवकर तयार होतो, आणि हे तिचं तिने शिकलेलं आहे.

शिवाय घरचा डाव मापून ठेवला. सपाट भरला की भात 75 ग्रॅम, कार्ब 20. मावशीकडे हाच डाव नेणार आहोत. वाढायला डाव नेला तर कुणाला काही वाटत नाही.

2 ऑगस्ट, शनिवार

पावसाळा, श्रावण, भाकऱ्या. भाकरीचा हिशोब पोळीसारखाच, पण तिला वरून पीठ लागतं. थापताना परातीत टाकलेलं पीठ भाकरीला किती चिकटलं?

पिठाचा डबा थापायच्या आधी मोजला, सहा भाकऱ्या झाल्यावर मोजला: 24 ग्रॅम गेलं. परातीत उरलेलं झाडून गोळा केलं: 6. म्हणजे सहा भाकऱ्यांना 18 ग्रॅम ज्वारीचं पीठ, 12 कार्ब, दर भाकरीला 2. गोळा 90 ग्रॅमचा, गोळ्यात 32. भाकरी म्हणजे 34.

दोन ग्रॅमसाठी एवढं का, असं हिने विचारलं. एकदा पाहून ठेवलं की पुन्हा त्याची काळजी करावी लागत नाही, म्हणून. आता पोळीच्या पिठीचाही प्रश्न सुटला, ती याहून कमी असणार.

आज काट्याचा आकडा नाचत होता. दोन कारणं सापडली: वरचा पंखा चालू होता, आणि काट्याचा एक पाय ओट्याच्या फरशीच्या जोडावर आला होता. पंखा बंद, जागा बदलली, आकडा स्थिर. नाणी 154. सेल मात्र मंदावलेत, नवे आणायचे.

27 ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

मोदक. याची तयारी आठवडाभर डोक्यात होती. मोदकात दोन पदार्थ एकात असतात आणि बाहेरून आतलं दिसत नाही, त्यामुळे मोजायचं ते वळायच्या आधी.

उकड: तांदळाची पिठी 250 ग्रॅम, 195 कार्ब. उकड काढून मळल्यावर 520 ग्रॅम. आकडा 0.375.

सारण: ओला नारळ खवलेला 300 ग्रॅम, गूळ 200 ग्रॅम. नारळात कार्ब फार थोडे, शंभराला सहाच्या जरा वर. 19. गुळाचे 170. मिळून 189. शिजवून, वेलची-जायफळ घालून सारण 430 ग्रॅम. आकडा 0.44.

ही पाऱ्या करत होती, मी शेजारी काटा घेऊन. तिच्या पद्धतीने उकड 25 आणि सारण 18 जातं. 9.4 आणि 7.9. एक मोदक म्हणजे 17 ग्रॅम कार्ब. आईच्या पोळीएवढाच! हे कळल्यावर लेकीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मागच्या वर्षी निदान नव्हतं. यंदा तिने मनात धरलं होतं की मोदक आता नाहीतच. तिला एवढंच सांगितलं, की एक पोळी कमी केली काय किंवा दोन्ही खाल्लं आणि तेवढं इन्सुलिन घेतलं काय, हिशोब दोन्ही बाजूंनी बसतो. तिने दोन मोदक खाल्ले, वरून तूप. तुपात कार्ब नसतात.

गुळाच्या ढेपेत ओल कमीजास्त असते, तेव्हा हा आकडा तंतोतंत नाही. दोन मोदकांत तो फरक एका ग्रॅमच्या आसपास पडेल. सोडून दिला.

1 सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजन

पुरणपोळी. पुरण आईने घातलं, आकडे तिनेच सांगितले, मी लिहून घेतले. "डाळ पाचशे, गूळ पाचशे, आणि कट काढलाय बरं का, तो लिही."

कट हा मुद्दा तिच्याच लक्षात आला. डाळ शिजवून गाळली की डाळीचा थोडा स्टार्च पाण्यात उतरतो आणि ते पाणी आमटीत जातं. म्हणजे पुरणात डाळीचे सगळे कार्ब नसतात आणि कटाच्या आमटीत शून्य नसतात. किती, हे घरच्या काट्यावर निघत नाही. पुरणाला पूर्ण धरलं आणि आमटीला वरून काही धरलं नाही. दोन्ही एकाच ताटात असल्याने ढोबळ हिशोब जुळतो. कुणी नुसतीच आमटी ओरपली तर वेगळं.

डाळ 500, कार्ब 234. गूळ 425. एकूण 659. वाटून आटवलेलं पुरण 1350 ग्रॅम. आकडा 0.488. पोळीला पुरण 50 ग्रॅम, 24. वरची कणीक सैल, तेलात मुरलेली, 30 ग्रॅमला 11. लाटताना तांदळाची पिठी, दीड धरली. एक पुरणपोळी 37.

हा आकडा मोठा आहे, आणि तो मोठा आहे हे कळणं हाच फायदा. नेहमीच्या दोन पोळ्यांहून जास्त. तिने एक पूर्ण खाल्ली, दुधात बुडवून, मग अर्धी. दूध वेगळं मोजलं. तीन तासांनी साखर पाहिली, मॅडमना कळवली. त्यांनी पुढच्या वेळेसाठी डोस जेवणाआधी थोडा लवकर द्यायला सांगितलं.

14 सप्टेंबर, रविवार

नाणी: 154. दुकानदाराकडची वजनं पुन्हा आणून तपासली: 200 ला 200, किलोला 1001. जूनमध्ये होता तिथेच काटा आहे.

फ्रीजवरचा तक्ता आता स्वच्छ लिहून काढला. रोज मोजायचं ते: भात, वरण, उसळ, पोहे, उपमा. एकदा मोजून ठरलेलं ते: आईची पोळी 17, हिची 21, भाकरी 34, मोदक 17, पुरणपोळी 37, डावभर भात 20. शेवटच्या ओळीत मऊ भात, लाल अक्षरात.

पोह्यांची एक सोय सापडली. भिजवल्यावर पाणी किती राहील ते रोज बदलतं, पण आमच्याकडे पोहे एकाच मापट्याने घेतले जातात आणि ते सपाट भरलं की 95 ग्रॅम, 73 कार्ब. म्हणजे कच्चं मोजणं एका हालचालीत होतं, फक्त कढई काट्यावर ठेवायची राहते. कढईवर वजन कोरलेलं आहेच.

पुढचं काम दिवाळीच्या फराळाचं. चकलीची भाजणी आई घरी भाजते. तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ, मूगडाळ यांचं प्रमाण तिच्या तोंडी आहे, ते वजनात उतरवून घ्यायचं. भाजताना धान्यातली ओल उडते, म्हणून भाजणी गिरणीत जायच्या आधी कच्च्याचं एकूण वजन आणि दळून आल्यावर पिठाचं वजन, दोन्ही हवीत. तळलेल्या चकलीत तेल शिरतं आणि पाणी जातं, तेव्हा चकली मोजायची नाही, सोऱ्यात भरायचा पिठाचा गोळा मोजायचा आणि एका गोळ्याच्या चकल्या मोजायच्या. लाडू तुलनेने सोपे, वळल्यावर वजन बदलत नाही. शंकरपाळ्यांसाठी लाटलेल्या पोळीचं वजन घेऊन तुकडे मोजावे लागतील. सेल आणले आहेत, दोन जादाही.